मोजून चाळीस पावलं

माझी सासू उभ्या जन्मात कुणाला भ्याली नाही. धानाची रोवणी, म्हणजे भातलावणी चालू असताना बांधीत नाग निघाला, तर हातातली पऱ्ह्याची जुडी त्याच्या अंगावर फेकून "चल, हट!" म्हणणारी बाई. ती भ्याली एका पेचकसाला, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरला. आज हे ऐकून लोक हसतात. पण तेव्हा दोन वर्षं आमच्या घरात कुणी धड हसलं नाही. आणि आधीच सांगून टाकते, या सगळ्यात माझाही हात होता. नुसतं सासऱ्यावर ढकलून मोकळी होणारी मी नाही.

आम्ही लाखांदूरचे. सासूचं नाव मालनबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात आणि सासऱ्याला मामाजी, तसंच मीही म्हणते. आत्याबाई रोवणीच्या टोळीच्या पुढारीण. अठरा बायांची टोळी. पावसानं बांध्या भरल्या की टेम्पो दारात यायचा, आणि मग महिना-दीड महिना तेच. पिंडरीभर चिखल, कमरेतून वाकायचं, धानाचे पऱ्हे लावत लावत एकेक पाऊल मागे सरायचं. कुणी बाई मागे पडली की आत्याबाईंचा आवाज तीन बांध्या ओलांडून यायचा. "अवं, झोपलीस का तिथं? बाज आनून देऊ?"

टोळीतली एकोणिसावी मी. मी तुमसरची, माझ्या बापाचं टेलरिंगचं दुकान. लग्नाआधी चिखलात पाय घातला नव्हता. रोवणीत बोटांमध्ये चिखल्या व्हायच्या, कमर मोडायची, आणि घरी येऊन चुलीपुढं बसायचं ते वेगळंच. मी कुरकुरले की आत्याबाई म्हणायच्या, "भावना, शिलाई मशीनवर बसून बसून कुबड निघन तुले. चाल." आणि मी मुकाट जायचे. मनातून मात्र रोज म्हणायचे, हे बंद पडलं तर बरं होईल.

मामाजी, म्हणजे यादोराव मिस्त्री, एकतीस वर्षं राइस मिलमध्ये होते. मिलमध्ये पट्टे, चाकं, शाफ्ट, आणि तो शाफ्ट जिच्यात फिरतो ती बेरिंग. बेरिंगमधलं ग्रीस सुकलं की लोखंड लोखंडावर घासतं, तापतं, आणि मग काय होईल त्याचा नेम नाही. मामाजी पेचकसाचं टोक बेरिंगवर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. आतली करकर त्यांना बरोबर ऐकू यायची. मग मालक बोंबलो की कुणी बोंबलो, मशीन बंद म्हणजे बंद. एकाच दिवशी ते मिलमध्ये नव्हते, सुगतचा, म्हणजे बाहेरगावी कामाला असलेल्या माझ्या नवऱ्याचा जन्म झाला त्या दिवशी. नेमकं त्या दिवशी दुसऱ्या कुणीतरी सुकी बेरिंग तशीच चालवली. ती जाम झाली, पट्टा तुटला आणि धनीराम नावाच्या हमालाचा हात खांद्यापासून गेला. धनीराम अजून आमच्या गल्लीतून जातो. तो दिसला की मामाजी मान खाली घालतात.

दोन हजार बारा साली मालकानं नवं मशीन आणलं, त्याच्यासोबत त्याचा माणूस आला, आणि मामाजी घरी बसले. बसले कसले! पंख्याला ग्रीस, माझ्या शिलाई मशीनला तेल, दाराच्या कडीला तेल. सारं घर तेलकट करून सोडलं बाप्पा! कपडे वाळत घातले तरी माझ्या हाताला तेल लागायचं. घरात हलणारं-फिरणारं आणखी एकच उरलं होतं, ते म्हणजे आत्याबाई.

दोन हजार चौदाचा मार्च. आत्याबाई चुलीपुढून उठल्या आणि उजवा गुडघा कट्ट वाजला.

"काय वाजलं वं?" मामाजींनी विचारलं.

"गुडघा वाजला, आनखी काय वाजन? रोजच वाजते."

"रोज वाजते अन् मले सांगत नाहीस?"

ते उठले, पेचकस घेऊन आले आणि टोक आत्याबाईंच्या गुडघ्याच्या वाटीवर टेकवलं. आत्याबाई खो-खो हसायला लागल्या, मीही हसले. "वाकव," मामाजी म्हणाले. "सरळ कर. पुन्हा वाकव." त्यांनी डोळे मिटले आणि त्यांचा चेहराच बदलला. मूठ कानावरून काढली तेव्हा ते घामाघूम झाले होते. "सुकलं सारं," म्हणाले. "लोखंडावर लोखंड घासून राहिलं." आत्याबाईंचं हसू तिथंच थांबलं.

दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याला हाडाच्या डॉक्टरकडे. मीही सोबत होते. डॉक्टर बिचारा चांगला होता, फोटो काढून नीट समजावून सांगत होता. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत गादी असते, ती थोडी झिजली आहे. दोन्ही हाडांच्या मधे अंड्याच्या पांढऱ्यासारखं चिकट पाणी असतं, चमचाभरही नसतं, पण त्याच्यामुळंच सांधा न घासता फिरतो. वय झालं की ते पातळ होतं. घाबरायचं काही नाही. उकिडवं बसू नका, सपाट जागी रोज चाला, आणि हे व्यायाम करा. असं म्हणून त्यानं चित्रं काढलेला एक कागद दिला.

मामाजींनी 'चमचाभरही नसतं' एवढंच ऐकलं. त्याच्या पुढचं त्यांच्या कानात शिरलंच नाही. एसटीत पवनी येईपर्यंत ते फोटो उजेडात धरून बघत राहिले. मग म्हणाले, "चमचाभर माल, मालन. अन् त्याच्यावर तू तीस वर्सं चिखल तुडवलास."

"पन डॉक्टर तं चाला म्हनते."

"डॉक्टरले हाडाचं समजते, घासाघासीचं मले समजते. ग्रीस कमी हाय म्हनते अन् मशीन चालवा म्हनते! दोन्ही कसं जमन? धनीरामले जाऊन विचार."

धनीरामचं नाव निघालं की आमच्या घरात वाद संपतो. तसाच संपला.

मग सुरू झालं. पुढच्या खोलीत खिडकीजवळ बाज टाकली. उजव्या गुडघ्याखाली पोत्याची गुंडाळी ठेवली, म्हणजे हाड हाडावर टेकणार नाही. लाकडी खुर्चीला भोक पाडून संडासची सोय केली. आणि पावलं ठरवून दिली, दिवसाला मोजून चाळीस. सकाळी मोरीपर्यंत दहा, तिथून परत दहा, संध्याकाळी तेवढीच. मामाजी सोबत चालायचे आणि तोंडानं मोजायचे. आत्याबाईंचं पाणी, जेवण, कपडे, सारं ते हातात द्यायचे. केस विंचरायला फणीसुद्धा. इतकं कुणी नवरा करत नाही, आणि तेच तर वाईट झालं. रागवावं तर कुणावर?

दर रविवारी पेचकस. आत्याबाई पाय पुढं करायच्या आणि मामाजींच्या तोंडाकडे पाहत बसायच्या. करकर कमी ऐकू आली की ते म्हणायचे, "भरून राहिलं, हळूहळू भरून राहिलं." जास्त ऐकू आली की म्हणायचे, "किती चाललीस? खरं सांग." आणि नागाला हाकलणारी बाई खाली मान घालून म्हणायची, "तुळशीपर्यंत गेली होती." चोरी पकडल्यासारखी!

पहिल्या रोवणीला टोळीतल्या बाया टेम्पो थांबवून खिडकीशी आल्या. कुंताबाई पुढं झाली होती, टोळी तिच्याकडे गेली होती. "मालनबाई, तुह्यावाचून मजा नाही वं," म्हणाल्या. आत्याबाई बाजेवरून हसल्या. टेम्पो गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडल्या, ते जेवायलाही उठल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी टेम्पो थांबला नाही, नुसता भोंगा वाजवून गेला.

विहारात न्यायला मामाजींनी मिलमधली पोती ओढायची दोनचाकी गाडी आणली, तिच्यावर खुर्ची ठोकली. पौर्णिमेला त्या गाडीवर बसवून भर रस्त्यानं नेलं. पांढरी साडी नेसलेल्या आत्याबाई दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून, आणि मागून मामाजी "बाजू व्हा, बाजू व्हा" करत. लोक बाजूला झाले आणि बघत राहिले. घरी आल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "पुढच्या पौर्निमेले मी घरीच वंदना करीन." असं करता करता त्यांचं जग एका खिडकीएवढं झालं.

एकदा न राहवून मी विचारलं, "आत्याबाई, तुम्ही मामाजीचं ऐकता काहून? तुम्ही तं कोनाचंच ऐकत नव्हत्या."

त्यांनी गुडघ्याखालची गुंडाळी सारखी केली. मग म्हणाल्या, "सुगतच्या टायमाले हा मानूस एक दिवस घरी राहिला, अन् धनीरामचा हात गेला. तवापासून घराचं नावच सोडलं त्यायनं. मी तापानं फनफनली तरी भोंगा वाजला का मिलमधी. आता दिवसातून चारदा इचारते, दुखते का म्हनून. तीस वर्सांत कोनी इचारलं नव्हतं मले. म्हटलं, थोडे दिवस होऊ द्या लाड. मंग उठीन." असं म्हणून त्यांनी पदर तोंडाला लावला. "आता उठाचं म्हटलं तं पायच आयकत नाही, भावना."

आता माझं सांगते. डॉक्टरनं दिलेला तो कागद मामाजींनी हत्याराच्या पेटीत ठेवून दिला होता. सुई काढायला पक्कड पाहिजे म्हणून मी पेटी उघडली, आणि कागद वाचला. पहिल्याच महिन्यात वाचला. मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, रोज चालणे, गुडघ्याखाली उशी ठेवू नये. मी तो तसाच घडी करून परत ठेवला. कारण आत्याबाई बाजेवर होत्या म्हणून घरी कुणीतरी पाहिजे होतं, आणि ते कुणीतरी मी होते. माझी रोवणी सुटली होती. दोन पावसाळे माझे पाय कोरडे राहिले. याची मला लाज वाटते, आणि ती वाटलीच पाहिजे.

दोन हजार सोळाच्या बुद्धपौर्णिमेला विहाराच्या हॉलमध्ये तपासणी शिबिर होतं. मामाजी बाहेर कुलरचा पंखा खोलून बसले होते, म्हणून आत्याबाईंना आत मी नेलं. नागपूरहून मनाली नावाची फिजिओथेरपीवाली पोरगी आली होती. तिनं आत्याबाईंना सतरंजीवर झोपवलं आणि पाय सरळ करायला सांगितलं. डावा झाला. उजवा गुडघा वरच राहिला. खालून माझा अख्खा हात आरपार गेला असता. मांडी तर हातात मावेल एवढी झाली होती.

"गुडघ्याखाली काही ठेवता का, काकू?"

"पोत्याची गुंडाळी."

"किती दिवस झाले?"

"दोन वर्सं."

मनालीनं पेन खाली ठेवला. "कशासाठी?"

"आतलं पानी संपू नये म्हनून."

ती पोरगी हसली नाही, हे तिचे उपकार. ती म्हणाली, "काकू, ते पाणी चालून संपत नाही. सांध्याच्या आतल्या पडद्यात ते बनतच असतं. आणि हाडावरच्या गादीला रक्त जात नाही, तिचं खाणंपिणं त्याच पाण्यातून. पाय टेकला की गादी दबते, उचलला की पाणी शोषून घेते, भांडी घासायच्या स्पंजासारखी. तुम्ही चाललाच नाही तर ती उपाशीच राहणार ना? संपतं असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

आत्याबाईंनी दाराकडे पाहिलं. बाहेर मामाजी पंख्याची पाती पुसत होते. "कोनी नाही," आत्याबाई म्हणाल्या. "माहंच डोकं."

मनालीनं स्पष्ट सांगितलं. दोन महिने, दिवसातून तीनदा व्यायाम. दुखेल, ओरडाल, तरी करायचं. तेवढ्यात सरळ झाला तर आपल्या पायांनी चालाल. नाहीतर तो असाच वाकडा राहील, आणि मग पुढं बाजेवरच. निघताना तिनं पुन्हा एक कागद दिला. या वेळी तो मी माझ्या ब्लाऊजमध्ये ठेवला.

मामाजी अजून पंख्यातच होते, म्हणून घरी येताना गाडी मीच ढकलत होते. आत्याबाईंनी वळून माझं मनगट धरलं. "मामाजीले सांगशीन तं माहं मेलेलं तोंड पाहशीन."

"काहून? त्यायनंच तं केलं हे!"

"धनीरामचा हात त्यायले अजून पचला नाही. माहा पाय कसा पचन? मरन तो मानूस."

"अन् तुम्ही बाजेवर मरा!" माझा आवाज चढला. मग मलाच कसंतरी झालं आणि रस्त्यातच बोलून गेले, "आत्याबाई, तो पहिला कागद मी वाचला होता. तवाच."

"माहीत हाय मले. पेटी उघडल्याचा आवाज आला होता. चिखल नको होता तुले." मी खाली बघत राहिले. त्यांनी माझं मनगट सोडलं. "रडू नको आता. घरी चाल अन् पाय दाब माहा."

मामाजी रोज अकरा वाजता मिलसमोरच्या चहाच्या टपरीवर जायचे, ते एकला परत. तेवढ्या वेळात आम्ही दार लावून तिन्ही खेपा उरकून घ्यायचो. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, आणि गुडघा जमिनीकडे दाबायचा. दहापर्यंत मोजायचं, सोडायचं, पुन्हा. बाजेच्या काठावर बसून पाय समोर सरळ करायचा. मी रेतीची पिशवी शिवली होती, ती पायाला बांधायची. आत्याबाई पदराचा बोळा तोंडात कोंबायच्या, आणि डोळ्यांतून धारा. "सोड वं, भावना, सोड, माय मेली माही!" मी सोडायचे नाही. माझ्या हातांना त्या दोन वर्षांचा राग होता, तो कुठं काढणार?

आणि रविवारी पेचकस होताच. आता पाय हलत होता, तर करकरही ऐकू यायची. मामाजी हवालदिल झाले. "वाढली," म्हणाले. "काय झालं? चाळीसचे पंचवीस करा लागन." आत्याबाईंनी मान हलवली. पंचवीस पावलं त्यांच्यासमोर, आणि पाचशे त्यांच्या मागे. महिना झाला तेव्हा गुडघ्याखालून माझा हात जाईना. जूनच्या शेवटी आत्याबाई काठी घेऊन अंगण ओलांडून गेल्या. मग काठी ठेवून दिली.

जुलैच्या सुरुवातीला टपरीवाला लग्नाला गेला होता म्हणून मामाजी साडेअकरालाच परत आले. आत्याबाई घरासमोरच्या नहराच्या पुलावर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या आणि कुणाच्या तरी बकऱ्यांना शिव्या देत होत्या. मामाजी रस्त्यातच थांबले. मी दारात. मला वाटलं, आता सारं बाहेर येईल, आणि खरं सांगते, यावंच असं मला वाटत होतं.

"मालन, तू चालून राहिलीस?"

आत्याबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. पण एक क्षणच. मग म्हणाल्या, "तुमचंच खरं झालं. दोन वर्सं आराम केला, आतलं पानी पुरं भरलं. म्हनून पाहिलं उठून."

मामाजी पुलाच्या कठड्यावर बसले आणि लहान पोरासारखे रडले. "म्हटलं नव्हतं मी?" एवढंच म्हणत राहिले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आत्याबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आत जाऊन मशीन जोरजोरात चालवत बसले.

मग काय विचारता! मामाजी गावभर पेचकस घेऊन फिरायला लागले. ज्याचा त्याचा गुडघा ऐकायचे. मासोळ्या विकणाऱ्या रेवताबाईला टोपली खाली ठेवायला लावली आणि दोन वर्षं बसून राहायला सांगितलं. ती म्हणाली, "मी बसली तं मासोळ्या काय चालत घरी येतीन, मिस्त्री?" सारी गल्ली हसली, मामाजी हसले नाहीत. ते घरोघरी आत्याबाईंचं उदाहरण देत होते.

इकडे कुंताबाई येऊन गेली. सोमवारपासून रोवणी. "तू वाकू नको. धुऱ्यावर काठाले उभी राह्य, जुड्या फेक अन् आवाज दे. पोट्ट्या माहं आयकत नाही." आत्याबाईंनी कपड्यांच्या पेटीतून रोवणीची जुनी साडी काढली, झटकली, दोरीवर टाकली. दोन वर्षांत त्यांचं असं तोंड मी पाहिलं नव्हतं.

रविवारी मामाजींनी सवयीनं पेचकस घेतला, आणि या वेळी आपल्याच गुडघ्याला लावला. गावभर फिरून त्यांचा गुडघा दुखत होता, तेवढंच. बराच वेळ ऐकलं. मग पेचकस ठेवला, खिडकीजवळच्या बाजेवर आडवे झाले आणि गुडघ्याखाली पोत्याची गुंडाळी सरकवली. "माहं बी सुकलं, मालन," म्हणाले. अगदी शांतपणे म्हणाले, औषध माहीत असलेल्या माणसासारखे. "दोन वर्सं लागन. मी तुहं केलं, आता तू माहं कर."

सोमवारी टेम्पो आला. भोंगा वाजला. आत्याबाई मामाजींच्या चहाचा कप धरून उभ्या होत्या, आणि टेम्पो गेला. मंगळवारीही गेला. मामाजी पाणी मागायचे, पाय दाबून मागायचे, मोरीपर्यंत जाताना आत्याबाईंनी सोबत चालून पावलं मोजायची. दोरीवरची साडी आत्याबाईंनी काढून घडी केली. मला बघवेना. "आता बी नाही सांगत?" मी चुलीपाशी दात-ओठ खाऊन म्हटलं. "तुमच्याच खोट्यानं तुम्हाले दावनीले बांधलं. आता दोन वर्सं मामाजीचं करा, मंग तुमचे पाय पुन्हा जान!" बशी धुता धुता त्यांचा हात थांबला.

बुधवारी सकाळी त्या रोवणीची साडी नेसून बाजेपुढं उभ्या राहिल्या.

"उठा."

"काय झालं?"

"मी खोटी बोलली. आरामानं काही भरलं नाही. आरामानंच पाय वाकडा झाला माहा. विहारातल्या पोरीनं सांगतलं, चाललं तं गुडघा जगते, नाही तं उपाशी मरते. ह्या भावनानं दीड महिना पाय दाबला, तवा उभी राहिली मी. तुमचा गुडघा चांगला हाय. उठा अन् चाला."

मामाजींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "समजलं मले. माहं कराचं जिवावर आलं तुले. दोन वर्सं मी केलं, तुह्यानं दोन दिवस होईना."

आत्याबाईंना ते लागलं. इतकं लागलं की त्यांनी दाराची चौकट धरली. बाहेर भोंगा वाजत होता. मला वाटलं, झालं, बसल्या आता या पुन्हा. पण त्यांनी चपला घातल्या. "मंग राहा पडून," म्हणाल्या, आणि गेल्या. टेम्पोत चढताना बायांनी त्यांना वर ओढून घेतलं, तो गलका खिडकीतून आत आला.

दहा वाजता मामाजींनी मला पाणी मागितलं.

"माठ चार पावलांवर हाय, मामाजी."

"सासऱ्याले पानी देत नाहीस? लाज नाही तुले?"

"हाय. म्हनूनच देत नाही. मागच्या खेपेले नव्हती."

मी मशीनवर बसले आणि दिवसभर मान वर केली नाही. दुपारी कधीतरी माठावरचं झाकण वाजलं. तेव्हाही मी पाहिलं नाही.

संध्याकाळी आत्याबाई उतरल्या. पिंडरीभर चिखल, आवाज बसलेला, पाय ओढत येत होत्या. मामाजी बाजेवर उठून बसले होते.

"दुखते का?" त्यांनी विचारलं.

"दुखते."

"मंग?"

"मंग काय? उद्या पुन्हा जाईन."

मामाजी त्यांच्या पायांकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मालन, सकाळी बोललीस ते खरं होय का? तुहा पाय मीच वाकडा केला?"

मी मशीनचं चाक हातानं धरून ठेवलं. आत्याबाई आता पुन्हा काहीतरी गोड बोलतील आणि आम्ही सगळे पुन्हा तिथंच जाऊ, अशी भीती वाटली मला.

"हो," आत्याबाई म्हणाल्या. "तुम्हीच केला. अन् मी करू देल्ला. आता सरका बाजूले, मले बसू द्या. दिवसभर उभी हाव."

मामाजी भिंतीला हात लावून उठले आणि बाज त्यांच्यासाठी मोकळी केली.